डिसेंबरात कोकणात कड्याकड्याने चालायचंय, पक्षी बघायचेत. मुक्काम कुठे करावा?

टेकडीवाली (पुणे)

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं कोकणात जायचं म्हणतोय: मी, माझी अकरा वर्षांची लेक आणि माझे बाबा. बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रोज वेताळ टेकडी चढून-उतरून येतात, त्यामुळे चालण्याची काळजी नाही. कान मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत बरेच कमी झालेत. टेकडीवर लेक म्हणते, "आजोबा, तो बघा नाचण बोलतोय," आणि बाबांना ऐकूच येत नाही. झाडीत नुसत्या आवाजावर पक्षी शोधणं आता त्यांना जमत नाही. म्हणून मनात आलं, की समुद्राकाठी, उघड्यावर, मोठे पक्षी नजरेने दिसतील अशा जागी त्यांना न्यावं.

कोकण आम्ही पाहिलंय ते गणपतीपुळे, तारकर्ली असं. पाण्यातले खेळ, बोटी, बाजार यातलं या वेळी काही नको. चालायचंय. समुद्राच्या वर कड्यावरून, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. लेकीला पक्ष्यांच्या याद्या करायचं भारी वेड आहे. पाषाण तलावावरचे बहुतेक पक्षी तिला ओळखता येतात, पण समुद्राचे पक्षी तिने पाहिलेलेच नाहीत.

पाच दिवस आहेत, गाडी आहे. प्रश्न असे:

एकाच गावात राहावं की दोन-तीन ठिकाणं करावीत? कड्यावरून चालायला नीट वाट कुठे आहे? म्हाताऱ्या माणसाला आणि पोरीला घेऊन जाण्यासारखं सुरक्षित आहे का? बाबा शाकाहारी आहेत, तर जेवणाचं काय? आणि दुर्बीण एकच आहे, १०×५०, बाबांची जुनी. लेकीसाठी वेगळी घ्यावी का?

ज्यांनी त्या भागात खरोखर पायी फिरून पाहिलंय त्यांनी सांगितलंत तर फार उपकार होतील.

---

मुंबईकर_भटका (डोंबिवली)

हरिहरेश्वर करा. श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाशी. देवळाच्या मागून प्रदक्षिणेची वाट आहे. दोन उंच खडकांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम समोर समुद्र येतो. मग उजवीकडे कडा, डावीकडे लाटा, आणि पायाखाली लाटांनी खाऊन खाऊन जाळीदार झालेला खडक. त्या खडकांवर काळा समुद्र बगळा हमखास उभा असतो. हिवाळ्यात कड्याच्या कपारीपाशी शैल कस्तूरही दिसतो. निळसर राखी रंगाचा, एकटाच बसणारा.

पण एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. ही वाट फक्त ओहोटीला करायची. भरती लागली की लाटा थेट कड्याला येऊन भिडतात आणि परतायला जागा उरत नाही. तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. देवळात पुजाऱ्यांना विचारा, ते वेळ सांगतात. त्यांनी नको म्हटलं तर नको. वडिलांना घेऊन जाताना अर्धी ओहोटी झाल्यावर उतरा आणि पाणी फिरायच्या आत वर या.

तिथून बागमांडल्याहून जंगलजेटीने गाडीसकट पलीकडे वेसवीला उतरलात की बाणकोटचा किल्ला आणि वेळास जवळच. बाणकोटच्या बुरुजावरून खाडीचं मुख सगळं दिसतं. दोन दिवस मजेत जातील, पाच मात्र नाहीत. नाताळात तिथे गर्दीही असते.

---

सड्यावरची_माई (ता. राजापूर, जि. रत्नागिरी)

टेकडीवाली ताई, मी राजापूर तालुक्यातली. हायस्कुलात विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. शाळेच्या वाटेवर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, ओलांडावा लागायचा. तिथेच पक्ष्यांचा नाद लागला, तो अजून आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं उत्तर: एकाच ठिकाणी राहा. पूर्णगड ते आंबोळगड या पट्ट्यात. कशेळी किंवा आडिवरे बाजूला मुक्काम केलात की सगळं अर्ध्यापाऊण तासाच्या आत येतं. पुण्याहून आंबा घाटाने रत्नागिरी, मग पावस, पूर्णगडाचा पूल ओलांडून गावखडी, पुढे कशेळी. पाच दिवसांत पाच गावं केलीत तर बाबांच्या वाट्याला गाडीची सीट येईल, कडा येणार नाही.

तुमच्या बाबांसाठी कडाच का, ते सांगते. रानात आपण पक्षी खालून बघतो. मान वर, पानांच्या आड, पोट तेवढं दिसतं. कड्यावर आपण उभे असतो वर आणि पक्षी उडतो आपल्या पायाखालून. त्याची पाठ दिसते, पंखांचा वरचा रंग दिसतो, शेपूट वळवताना दिसते. ब्राह्मणी घार तुम्ही शंभरदा पाहिली असेल, पण कड्यावरून खाली पाहताना तिच्या पाठीवर ऊन पडतं तेव्हाचा तो तांबूस रंग बघाच. या पाहण्याला कान लागत नाहीत.

आमच्या कड्याचा राजा म्हणजे समुद्री गरुड. आम्ही काकण म्हणतो. घारीच्या जवळजवळ दीडपट. अंग पांढरंशुभ्र, पंख वरून राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. तरंगताना पंख किंचित वर उचललेले, उथळ इंग्रजी 'व्ही'सारखे. जोडी वर्षानुवर्षं एकाच टापूत राहते. मासे खातो आणि समुद्रसाप तर फार आवडीने. पायात लोंबता साप घेऊन कड्याला समांतर जाणारा काकण एकदा पाहिला की पोरगी जन्मभर विसरणार नाही.

आता वेळ. हे नीट वाचा, कारण बाहेरून येणारी मंडळी नेमकी उलटी वेळ धरतात. सगळे सूर्यास्ताला कड्यावर येतात. सूर्यास्त सुंदर असतोच, पण पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की ऊन डोळ्यांत आणि पक्षी नुसते काळे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समुद्रावरचा प्रत्येक पक्षी समोरून उजळलेला दिसतो. रंग ओळखायचे तर सकाळ. पण पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई वारा, आणि मोठ्या पक्ष्यांना तो तरंगायला उपयोगाचा नाही. जमीन तापली की वारा फिरतो, समुद्राकडून येतो, कड्यावर आपटून वर चढतो. त्या वर चढणाऱ्या वाऱ्यावर गरुड, घारी, खरूची (छोटा शिकारी पक्षी) पंख न हलवता कड्याच्या काठाकाठाने सरकतात. खरूची तर एका जागी हवेत उभी राहते. म्हणून साडेनऊ ते बारा ही वेळ मला सगळ्यात आवडते. ऊनही बरोबर बाजूला आणि वारा जागा झालेला. त्याआधी सकाळी खाडी करा, संध्याकाळी सडा करा.

चालायच्या जागा.

कशेळी: कनकादित्याचं देऊळ. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच, त्यातलं हे एक. मूर्ती प्रभासपाटणहून गलबतातून आली आणि किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली, अशी कथा आहे. ती गुहा, देवाची खोली, अजून कड्यात आहे. देवळात शिलाहार राजा भोज याच्या काळातला ताम्रपट जपलाय. देवळापासून समुद्राकडे पायीच जा. वाटेत काजू-आंब्याच्या बागा, मग झाडं संपतात आणि सडा सुरू होतो. कड्याच्या पोटात देवघळीची छोटीशी पुळण आहे, दोन्ही बाजूंना उंच खडक. बाबांना वरच बसवा. छत्री द्या, सावलीला एक झाडसुद्धा नाही. वरून समुद्रात डॉल्फिनही दिसतात.

आंबोळगड: गावाची पुळण, किल्ल्याचे थोडे अवशेष आणि टोकावर गगनगिरी महाराजांचा मठ. मठाच्या बाजूने खाली खडपं, म्हणजे समुद्रातले खडक, लांबवर पसरलीत. ओहोटीला तिथे समुद्र बगळे, आणि तुतारी, चिखल्या हे पाण्याकाठचे छोटे पक्षी. कुरव आणि सुरय हे समुद्रपक्षी थव्याने बसलेले. लेकीने पाषाणला काही कुरव पाहिले असतील, पण इथे मोठे आणि छोटे शेजारी शेजारी बसलेले दिसतात, तुलना करता येते.

पूर्णगड: मुचकुंदी नदीच्या मुखावरचा अगदी लहान किल्ला. चढ फार नाही, बाबा सहज येतील. सकाळी खाडीकडे बघा. कांदळवनाच्या काठाला काळ्या डोक्याचा खंड्या बसतो. जांभळट निळी पाठ, लालभडक चोच.

आणि सडा. आमचा सडा पुष्कळांना नुसता उजाड खडक वाटतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. डिसेंबरात गवत वाळून सोनेरी होतं. त्यात मलबारी चंडोल, पीतमुखी टिटवी, गप्पीदास, आणि गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा भोवत्या. चंडोल दगडाच्याच रंगाचा असतो. तो हलल्याशिवाय सापडत नाही, पण लेकीचे डोळे तयार दिसतात. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी दुसरे प्राणी, मासे, पक्षी कोरलेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कशेळी आहे. देवाचे गोठणे इथेही एक शिल्प आहे, तिथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. बाबा पाटबंधारे खात्यातले, त्यांना ते बघायला आवडेल. होकायंत्र घेऊन या. चित्रांवर पाय देऊ नका, एवढंच.

सुरक्षिततेचं मुद्दाम वेगळं लिहिते. कड्याच्या वरचा थर जांभ्याचा, कठीण. त्याच्याखाली मऊ माती असते. पाऊस आणि समुद्र ती खालून खातात, वरचा जांभा छज्जासारखा पुढे येऊन राहतो आणि एक दिवस तुटतो. वरून बघणाऱ्याला कळत नाही की आपण पोकळीवर उभे आहोत. काठापासून चार पावलं मागे राहायचं, भेगेच्या पलीकडे कधीच जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. दुसरं, फुरसं. आमच्या जिल्ह्यातल्या सड्यांवर ते पुष्कळ. लहानसा साप, दगडाखाली बसतो, रात्री फिरतो. लेकीला सांगा, दगड उलटायचा नाही, खडकाच्या फटीत हात घालायचा नाही. घोट्यापर्यंतचे बूट घाला, अंधार पडला की बॅटरीशिवाय चालू नका. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते पहिल्याच दिवशी यजमानांना विचारून ठेवा. भ्यायचं कारण नाही. आम्ही रोज चालतो, फक्त बघून चालतो.

वाटेबद्दल: पाट्या लावलेली, आखलेली अशी वाट नाही. पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा आहेत, गुरांच्या वाटा आहेत, आणि मध्ये लोकांच्या बागा आहेत. डिसेंबरात कलमांना मोहोर येत असतो, राखणदार जागते असतात. गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, बेडं (फाटक) दिसलं तर आधी हाक मारा, विचारा. कोणी नाही म्हणत नाही. आत गेलात की बेडं परत लावा, नाहीतर गुरं बागेत शिरतात.

शाकाहारी जेवणाची काळजीच करू नका. घरगुती राहायची सोय घ्या, आदल्या रात्री सांगा. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी, सकाळी घावन. बाबा खूश होतील.

लेकीला ८×३२ घ्या. १०×५० लहान हातांना जड पडते. हात थरथरला की चित्र हलतं आणि पोरं कंटाळतात. ८ची दृष्टी रुंद असते, उडता पक्षी चटकन सापडतो.

---

पावसाळी_पाखरू (चिपळूण)

माईंचं सगळं पटलं, पण डिसेंबर मला पटत नाही. सडा बघायचा तर श्रावण-भाद्रपदात. तेव्हा कातळावर पाणी साचून डबकी होतात, त्यांच्या कडेने निळी, पिवळी, पांढरी फुलं. नवरंग आणि तिबोटी खंड्या पावसातच आमच्याकडे वीण करतात. डिसेंबरात नवरंग तुम्हाला दिसणारच नाही, तो दक्षिणेकडे गेलेला असतो. वादळी वाऱ्यात खोल समुद्रातले पक्षी, समुद्री कदंबासारखे, थकून किनाऱ्याला लागतात. जूनमध्ये कोकण जिवंत असतं. ते सोडून लोक सगळे वाळलं की येतात!

---

टेकडीवाली (पुणे)

माई, तुम्ही एवढं लिहिलंत, मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मतलई वाऱ्याचा भाग दोनदा वाचायला लावला. होकायंत्र त्यांच्याकडे आहे, नोकरीतलं. ते शोधून पुसूनही ठेवलंय.

सुट्टी नाताळचीच आहे, त्यामुळे पावसाळ्याचं पुढे कधीतरी. पण दोन शंका आहेत. ओहोटीची वेळ आधी कशी काढायची? फोनवर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी दिसतेय. आणि लेकीचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "काकणाचं घरटं बघता येईल का? आणि काकणाचं पिल्लू आणि घार यांत गोंधळ होतो असं वाचलं, तो कसा टाळायचा?"

---

सड्यावरची_माई (ता. राजापूर, जि. रत्नागिरी)

आधी पाखरूंना उत्तर. तुमचं बरोबर आहे, सड्याची फुलं पाहावीत तर तेव्हाच, आणि नवरंगाची शीळ ऐकल्याशिवाय माझाही पावसाळा सुरू होत नाही. पण ताईंचे बाबा ७१ वर्षांचे. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, कड्यावर वारा माणसाला ढकलतो, धुक्यात काठ दिसत नाही. शिवाय कुरव, भोवत्या, खरूची, शैल कस्तूर हे सगळे हिवाळी पाहुणे आहेत, ते जूनमध्ये नसतात. तिबोटी आणि नवरंगासाठी त्यांनी पुन्हा यावं, कड्यापासून लांब, रायवळ आंब्यांच्या सावलीत बसून बघावेत.

ओहोटी. कालनिर्णय उघडा, तिथी बघा. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा. जे तास येतील ती पूर्ण भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी दोननंतर. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत हिशेब तोच. हा अंदाज मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो, आमच्याकडे पाणी त्याच्याहून थोडं आधी येतं. म्हणून अर्धा-पाऊण तास हातचा राखा आणि खडपात उतरण्याआधी तिथल्या मासेमारी करणाऱ्या माणसाला विचारा. पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाण असतं, पाणी फार वर येतं आणि फार खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. पक्ष्यांसाठी मला उधाणाचे दिवस आवडतात, कारण सकाळी खडपं लांबवर उघडी पडतात. पाणी चढायला लागलं की सगळे तुतारी-चिखल्या हळूहळू मागे सरकत तुमच्याच दिशेने येतात. तुम्ही वाळूवर एका जागी शांत बसा, तेच जवळ येतात. त्यांच्या मागे धावू नका, थवा उडवू नका. हजारो मैल उडून आलेले असतात, त्यांना खायला तेवढेच तास मिळतात.

आता बाईसाहेबांचे प्रश्न. थेट तुलाच लिहिते गं.

काकणाचं घरटं उंच झाडावर असतं, बहुतेक जुन्या आंब्यावर, कुठे वडावर, कुठे सुरूवर. काटक्यांचा एवढा मोठा ढीग की एक माणूस त्यात बसेल. तेच घरटं दरवर्षी दुरुस्त करून वापरतात, म्हणून ते वाढतच जातं. त्याची वीण हिवाळ्यातच असते. तू येशील तेव्हा अंडी किंवा पिल्लं असू शकतात. त्यामुळे घरटं बघायचं ते लांबून, दुर्बिणीतून, झाडाखाली न जाता. माणूस खाली रेंगाळला तर गरुड उठून जातो. मग अंडी उन्हात तापतात आणि कावळे टपलेलेच असतात. घरट्याचा पत्ता कुठे लिहायचा नाही, फोटो टाकलास तरी गावाचं नाव घालायचं नाही. ही शिस्त पाळणारी पोरंच पुढे चांगली निरीक्षक होतात.

पहाटे जोडी एकमेकांना साद घालते, मोठ्ठा ठणठणीत आवाज. आजोबांनाही ऐकू येईल असं मला वाटतं, कारण तो बारीक शिटीसारखा नाही, जाड आहे.

पिल्लू म्हणजे उडायला लागलेलं तरुण पाखरू. ते पांढरं नसतं, तपकिरी असतं, म्हणून घारीशी गोंधळ होतो. रंग सोडून दे, आकार बघ. आपल्या साध्या घारीची शेपूट मागून दुभंगलेली, ब्राह्मणी घारीची गोल, काकणाची पाचरीसारखी आणि आखूड. घार सारखी शेपूट वळवते, पंख मोडते, घाईत असते. काकण रुंद पंखांवर संथ जातो, पंख वर उचलून. तीन दिवस हेच बघत राहिलीस तर चौथ्या दिवशी तुला लांबचा ठिपकासुद्धा ओळखता येईल. वहीत नावापुढे वेळ, वारा आणि भरती की ओहोटी तेही लिही. नुसती नावं लिहून पुढे काही कळत नाही.

---

निवतीचो (वेंगुर्ला)

माईनी सगळा बरोबर सांगितलेला आसा. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

पाच दिवस तिकडेच करा, पण परत कधी आलात तर आमच्या निवतीच्या किल्ल्यावर या. किल्ला लहान, वर थोडी तटबंदी आणि झाडी. एका बाजूला भोगव्याची लांब पुळण खाली पसरलेली दिसते, दुसऱ्या बाजूला निवतीचं बंदर. कडा सरळ पाण्यात उतरतो. काकण आमच्याकडेही आहेत. आणि गावातल्या जुन्या झाडांवर कवड्या धनेश येतात, मोठ्या चोचीचे. काजऱ्याची फळं खातात, जी माणसाने खाल्ली तर जीव जाईल.

समोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स आहेत, दीपगृह असलेली बेटं. त्यांच्या गुहांत पाकोळ्या नावाचे छोटे पक्षी राहतात. स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात, अंधारात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतात. एकोणिसाव्या शतकात ह्यूमसाहेब, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेसोबत शाळेत शिकतो, ते मोठे पक्षीतज्ज्ञही होते आणि या बेटांवर येऊन गेले. पुढे या घरट्यांची चोरटी तस्करी झाली, बाहेरच्या देशांत सूप करायला. निसर्गप्रेमी मंडळींनी आणि वनखात्याने पुष्कळ धावपळ करून ती आवरली. म्हणून माझी हात जोडून विनंती: कोणी होडीवाला "गुहेत नेतो" म्हणाला तरी नको म्हणा. पाकोळ्या बघायच्या तर संध्याकाळी किनाऱ्यावरून बघा, आकाशात भिरभिरत असतात. त्यांच्या घरात आपलं काही काम नाही.

बाबांना बोटीचा त्रास होत असेल तर तसंही ते बेट लांब आहे.

---

टेकडीवाली (पुणे)

ठरलं. आडिवऱ्याजवळ एका घरी पाचही दिवसांची सोय झाली. काकूंनी फोनवरच विचारलं, कुळीथ चालतात ना. ८×३२ दुर्बीण आली. लेकीने कालनिर्णय भिंतीवरून काढून टेबलावर घेतलंय आणि पाऊणपट मांडत बसलीय. निवतीचे दादा, तुमच्याकडे पुढच्या वर्षी नक्की.

माई, शेवटचं एक विचारते. पहिल्या दिवशी आम्ही दुपारी तीनपर्यंत पोहोचू. तेवढ्यात काय करावं?

---

सड्यावरची_माई (ता. राजापूर, जि. रत्नागिरी)

पहिल्या दिवशी कड्यावर जाऊ नका. प्रवासाने पाय जड असतात आणि नवख्या जागी काठ कुठे आहे ते संध्याकाळी कळत नाही. चहा घ्या, साडेचारला घराजवळच्या सड्यावर जा. गावातलं कोणीतरी बरोबर घ्या, जागा समजून घ्या. टिटव्या आणि चंडोल त्याच दिवशी होतील. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्याच्या आधी निघून उजेडात घरी या. चालताना कुसळं मोज्यात घुसतात, तर जाड सुती मोजे आणा, लोकरी नकोत. माणशी दोन लिटर पाणी. बाबांना काठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कनकादित्याच्या देवळापाशी भेटू. मी येते. होकायंत्र विसरू नका.